प्लॅन्टवरचा अळू

आई, यंदा विहिरीकडचा अळू वाळला. चुलत्यांच्या विहिरीवर, मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्याच्या खाली, जिथून तू दर भाद्रपदात पानं खुडून आणायचीस, तिथे आता नुसती कडक ढेकळं आहेत. पाऊस येऊन-जाऊन राहिला. विहिरीत पाणी आहे, पण खूप खोल, आणि मोटर लावली की ते थेट ठिबकच्या नळीत जातं. काठावर सांडायला काही उरत नाही, आणि अळूला सांडलेलंच पाणी लागतं, हे तुला मी काय सांगणार. पण सांगायला बसले आहे खरी. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तू होतीस तेव्हाही मी तुला कामाचं काही सांगत नव्हते. आज सुट्टी आहे, सांडपाण्याच्या प्लॅन्टवर आमचे पंप बघणारे चाचा आहेत. सुट्टीच्या दिवशी हल्ली मी नुसती पडून असते. लोखंडी जिने चढून-उतरून गुडघे गेलेत, आणि गुडघ्यांपेक्षा जास्त आणखी काहीतरी दमलंय, त्याला नाव देता येत नाही. म्हणून म्हटलं, पडून राहण्यापेक्षा लिहावं.

आपल्या स्वयंपाकघराला लागून मोरी होती. भांडी घासलेलं, तांदूळ धुतलेलं, पाहुण्यांनी हात धुतलेलं पाणी कोपऱ्यातल्या भोकातून परसात जायचं. तिथे तू चर खणून ठेवला होतास. तोंडाशी विटांचे तुकडे, पुढे वाळू, मग केळी, आणि अगदी शेवटी अळू. विटांशी अडकलेलं खरकटं तू एक दिवसाआड उकरून उकिरड्यावर टाकायचीस आणि त्यावेळी कोणी आडवं आलं की त्याची काही धडगत नसायची. त्या मोरीकडच्या अळूची भाजी आपण वर्षभर खाल्ली. पण पितृपंधरवड्यात त्याला कोणी हात लावायचा नाही. पित्राच्या जेवणाला अळू हवाच, आणि तो विहिरीवरचाच हवा, हा तुझा नियम.

मी सातवी-आठवीत असेन. आजीचं पित्र आहे. ओसरीवर माणसं बसलीत, चुलीवर खीर आटतेय, तू भोपळा चिरतेयस आणि मला म्हणतेस, "पळ, विहिरीवरनं अळू आण." ऊन मी म्हणतंय, विहीर लांब. मी परसात जाते, मोरीकडचीच पानं खुडते, जरा वेळ पेरूखाली बसते आणि धापा टाकण्याचं सोंग करत आत येते. तू जुडी हातात घेतेस, देठ बघतेस, आणि एक शब्द न विचारता ती जुडी खिडकीतून बाहेर भिरकावतेस. तो देठ तुला काय सांगून गेला, मला आजवर कळलेलं नाही. मी रडकुंडीला येऊन म्हणते, "रोज तर हाच खातो आपण." तू म्हणतेस, "आपुन खातो, आपलं येगळं. जित्या माणसाला काय बी वाढलं तर त्यो तोंड वाकडं करून सांगतो तरी. पोट दुखलं तर बोंबलतो. मेलेल्याला बोलता येतं व्हय? त्याच्या पानात बघूनच वाढावं लागतं." आणि मला पुन्हा त्या उन्हात पाठवतेस. मला तेव्हा आजीचा राग आला होता, गेली ती गेली आणि वर पथ्यं ठेवून गेली म्हणून.

पुढे मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, आणि हमरस्त्यावरच्या त्या बाजाराच्या गावात सांडपाण्याचा प्लॅन्ट झाला तिथे मला नोकरी लागली. सरकारी नव्हती, पण पगार वेळेवर होता. तू पेढे वाटलेस आणि सगळ्यांना सांगितलंस, पोरगी पाणीखात्यात लागली. खातं कुठलं, पाणी कुठलं, हे सांगितलं नाहीस. स्थळं यायची, पाणीखातं म्हणजे नक्की काय असं विचारायची, आणि चहा पिऊन निघून जायची. पुढे ती येईनाशी झाली. मला हायसं वाटलं, तुला वाटलं नाही. मी घरी आले की तू दारात उभी. "पहिलं आंग धू, मग चुलीपाशी ये." अंगणातल्या धोंड्यावर, पावसाळ्यात सुद्धा. एकदा चतुर्थीला तू ओझरला दर्शनाला गेलीस आणि येताना माझ्यासाठी पितळी तांब्या आणि लाल साबणाची वडी घेऊन आलीस. मला वाटलं, चला, लेकीसाठी काहीतरी आणलं. तू म्हणालीस, "तुझ्यासाठी येगळा आणला. घरातला घेत जाऊ नको." त्या रात्री मी जेवले नाही. तू दोनदा बोलवायला आलीस, पण का जेवत नाहीस ते विचारलं नाहीस. तो तांब्या मी टाकला नाही, आई. तो आता प्लॅन्टवर आहे. काम संपलं की आम्ही सगळे त्यानेच हात धुतो. कोणी पितळेचं कौतुक केलं की मी म्हणते, आईनं दिलाय.

तू कधी विचारलं नाहीस, तरी आज सांगते आम्ही तिथे काय करतो. लोकांना वाटतं, आम्ही घाण नाहीशी करतो. नाहीसं काही होत नाही. आम्ही ती पाण्यातून वेगळी काढतो, एवढंच. गावाचं सगळं पाणी पाइपातून येतं ते पहिल्यांदा जाळीवर. तिथे केसांचे गुंते, शांपूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, फडकी, निर्माल्य, एकदा तर जोडीनं दोन चपला आल्या. जाळी दाताळ्यानं ओढून साफ करावी लागते, तुझ्या विटांसारखीच. पुढच्या टाकीत पाण्याचा वेग कमी केला की वाळू तळाला बसते. मग येते हवेची टाकी. खालून ब्लोअरनं हवा सोडलेली असते, पाणी दिवसरात्र खदखदत असतं, आणि त्यात तपकिरी गाळ फिरत असतो. तो गाळ म्हणजे जिवाणू, आणि खरं काम तेच करतात. साबण, तेल, खरकटं, मैला, जे विरघळून पाण्यात मिसळलंय ते खातात. खाऊन जड होतात, आणि पुढच्या टाकीत पाणी शांत ठेवलं की खाली बसतात. वर निवळ राहतं. बसलेल्या गाळातला थोडा पुन्हा मागच्या टाकीत सोडायचा, तू विरजणाला दही काढून ठेवायचीस तसा, म्हणजे उद्याचं काम उद्या चालू राहतं. उरलेला वाफ्यात वाळवायचा. निवळ पाणी वाळूतून गाळायचं, थोडं क्लोरीन द्यायचं, आणि ओढ्याला सोडायचं. बस्स. यात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली.

अवसरीच्या कॉलेजातली पोरं बघायला येतात. नाकाला रुमाल, दुसऱ्या हातात मोबाइल. गेल्या खेपेला एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला वास येत नाही का?" येतो की. वास घेणं हेच तर काम आहे. कुजका वास आला की समजायचं हवा कमी पडली. टाकीवर उभं राहिल्यावर ओल्या मातीसारखा वास आला की सगळं ठीक. गावात कोणता सण आहे ते मला कॅलेंडरशिवाय कळतं. गौरी-गणपतीत तेल वाढतं, दिवाळीआधी घरोघरी धुणंपाणी निघालं की टाकीवर फेसाचे डोंगर, धुळवडीनंतर दोन दिवस पाणी गुलाबी. आणि वीज गेली की माझा जीव वर-खाली होतो, कारण हवा थांबली की ते जीव गुदमरतात. तात्या आजारी होते तेव्हासुद्धा, त्यांची लेक असून, मी इतक्यांदा उठून बघितलं नसेल. हे बोलायला बरं नाही, पण तसंच आहे.

गेल्या जत्रेआधी कोणी मोठे पाहुणे येणार होते. गाव स्वच्छ दिसावं म्हणून हौशी मंडळींनी बाजारातल्या एकूण एक गटारात ब्लीचिंग पावडर आणि फिनेल ओतलं, पोत्यांनी. ते सगळं वाहत आमच्याकडे आलं, टाकीतले जिवाणू मेले, आणि ऐन जत्रेच्या दिवशी गावभर दर्प. मला फोनवर फोन, "मॅडम, आम्ही एवढी सफाई केली आणि तुमचाच प्लॅन्ट घाण मारतोय." हसावं की रडावं. चाचा म्हणाले, "ताई, रडायला टाइम न्हाई. शेण आणतो." चाचा जुन्नरचे. त्यांच्या घरात पूर्वी हातकागद व्हायचा, त्यामुळे लगदा आणि गाळ या दोन गोष्टींत ते कोणाचं ऐकत नाहीत. मेलेली टाकी पुन्हा जागी करायला ताजं शेण आणि गूळ कालवून घालतात. प्लॅन्टच्या खालच्या अंगाला आबांचा मळा आहे, त्यांच्या गोठ्यातून चाचा आठवडाभर पाट्या वाहत होते. आबा तुझ्या वेळेला तरणे होते, जत्रेत ढोल वाजवायला पुढे असायचे, तुला आठवतील. शेण द्यायला त्यांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. टाकीवर येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "आमच्या गाईचं आन तुमचं काय सोयरपण जमलं, कळंना."

पण तेच आबा आमचं पाणी घ्यायला तयार नव्हते. खालच्या मळ्यांतलं कोणीच तयार नव्हतं. ओढ्यात ते पाणी वाहायचं आणि बांधावर टोमॅटो सुकायचा, तरी त्यात कोणी पाइप टाकला नाही. आणि यंदा वरून विचारणा सुरू झाली, की हे पाणी कोणी वापरणार नसेल तर त्यावर एवढी वीज जाळायची कशाला? ब्लोअर अर्धा दिवस चालवा. अर्धा दिवस म्हणजे काय, ते ज्यांनी सांगितलं त्यांना माहीत नाही. अर्धा दिवस हवा म्हणजे अर्धवट पाणी, आणि ते ओढ्यातून पुढच्या गावांना. पुढच्या गावांत मला कोणी ओळखत नाही. आम्ही काय सोडलं ते त्यांना दिसणार नाही, आणि दिसलं तरी कोणाला येऊन सांगणार? मी इतकी वर्षं बघूनच वाढत आले होते, आई. आता मला न बघता वाढा म्हणत होते.

म्हणून मळ्यातल्या लोकांची बैठक बोलावली. मी तपासणीचे कागद घेऊन गेले. आबांनी ते नीट चाळले, घडी घालून परत दिले आणि म्हणाले, "ताई, कागूद खोटं हाईत असं मी म्हणत न्हाई. पर कागूद आमी लई बघितलं. तुमी सवता खाता का ह्या पाण्यावरचं?"

मी म्हटलं, "खाते की. प्लॅन्टच्या मागं अळू लावलाय मी. घरी पण नेते."

"त्ये झालं तुमचं. पित्राला घालाल का?"

आबा हसत नव्हते. "पित्राला चाललं, तर माझ्या टोमॅटोला बी चालंल, आन माझ्या नातवाला बी. आमी तुमच्या पाण्यावर पीक घेणार, त्ये सगळ्यांच्या ताटात जाणार. उगं आपलं बोलायचं म्हणून बोलू नका."

मी दमले होते. वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि खरं तर उत्तर एकच होतं. म्हटलं, "घालीन. नवमीला आईचं असतं. तुमच्या घरच्या काकींना सवाष्ण म्हणून जेवायला पाठवा, त्यांच्यासमोर वाढते." तू तात्यांच्या आधी गेलीस, म्हणून तुझी अविधवा नवमी. तात्याही गेले, पण नवमी आम्ही मोडली नाही. तेवढं तुझं ऐकलं.

घरी सांगितलं तर भाऊ म्हणाला, "विहिरीवर तर काय उरलं न्हाई. घाल की." वहिनी लसूण सोलता सोलता म्हणाली, "वन्सं, मी नको म्हणत न्हाई. पर सासूबाई असत्या तर?" तिनं तुला पाहिलेलंही नाही. तुझा दरारा तिला आमच्याकडून वारशात मिळालाय. मी म्हटलं, त्या असत्या तर त्यांचं पित्र कशाला घातलं असतं. वहिनी हसली नाही, आणि मलाही बोलल्यावर बरं वाटलं नाही.

नवमीला सकाळी मी प्लॅन्टवर जाऊन पानं कापली. छान काळ्या देठाचा अळू आहे, पानं सुपाएवढी. चाचांनी टोपली धरली. म्हणाले, "अम्मीला आमचा बी सलाम सांगा." तुझ्याच तांब्यानं मी ती पानं धुतली, नळाच्या पाण्यानं, पुन्हा पुन्हा. घरी आले आणि, तुला खरं वाटणार नाही, अंगणातल्या त्या धोंड्यावर पाय धुऊन मगच आत गेले. कोणी सांगितलं नव्हतं. भाजी मीच केली. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, चिंच, गुळाचा खडा, तुझ्यासारखी घोटून. भात, वडे, खीर, कढी, भोपळा, गवार, सगळं झालं. काकी नवं लुगडं नेसून वेळेवर आल्या आणि चुलीकडे तोंड करून बसल्या. त्या बघायला आल्या होत्या, आणि ते लपवतही नव्हत्या. मला त्याचं बरं वाटलं.

तुझं पान मी वाढलं. भावानं ते नेऊन कौलांवर ठेवलं आणि हाक घातली. आम्ही सगळे अंगणात माना वर करून उभे. एरवी अर्धा-अर्धा तास ताटकळत ठेवणारा कावळा, यंदा भाऊ शिडीवरून उतरला नाही तोच आला. आधी एक, मग आणखी दोन. खीर सांडली, वडा उचलला. काकींनी हात जोडले. म्हणाल्या, "बघा, लगीच शिवला. म्हतारीची काय तक्रार न्हाई." मग काकी पानावर बसल्या, मी अळूची भाजी वाढली, त्यांनी घास घेतला, जरा थांबल्या. घसा खवखवतोय का ते बघत असणार. मग म्हणाल्या, "खाजत न्हाई गं. वाढ अजून." आणि भाजीबरोबर दोन वडे जास्त खाल्ले.

दिवेलागणीला आबांचा फोन आला. "ताई, नळी कुठनं घ्यायची, दावा उद्या." त्यांच्यामागे बाकीचे आले. आता खालच्या मळ्यात आमचं पाणी जातं, ब्लोअर पूर्ण वेळ चालतो, आणि अर्ध्या दिवसाची गोष्ट पुन्हा कोणी काढलेली नाही. सगळा मळा म्हणतो, ताईंच्या आईनं पाणी पास केलं. चाचा मला साहेबांच्या समोरही तसंच चिडवतात. मी हसते. आनंद व्हायला हवा होता, तेवढा होत नाही. सकाळी जिना चढताना तोच थकवा, आणि टाकीवर उभी राहिले की मातीचा तोच वास. तेवढ्यावर दिवस जातो.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं, प्रश्नच आहे. माणसं गेलेल्यांचं काहीबाही पाण्यात सोडतात. मी सोडलं तर फिरून माझ्याच जाळीत येऊन अडकेल, आणि चाचा दाताळ्यानं ओढून काढतील. राहू दे इथेच, कपाटात, साड्यांच्या खाली.

एक राहिलं. आई, तुझ्या पानावर अळूची भाजी नव्हती. भात पसरून वर वडे ठेवले, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मी स्वतःची समजूत घातली, की कावळा नाही शिवला तर लोक पाण्याला नावं ठेवतील, इतक्या वर्षांचं काम एका पक्ष्याच्या हवाली कशाला करायचं? पण ते तितकंसं खरं नाही. पाण्याची मला खात्री आहे. काकींना मी निर्धास्त वाढलं. खात्री तुझी नव्हती. वाटलं, तू देठ बघशील, काही विचारणार नाहीस, आणि मला पुन्हा अंगणात उभी करशील. तुझ्या वाटणीची वाटी मी ओट्यावर झाकून ठेवली होती. सगळे गेल्यावर ती मीच खाल्ली.